समिती गावात आली, उत्तर आलं नाही

महोदय,

संसदेचं अधिवेशन सुरू असलं की आपल्या अंकाच्या पहिल्या पानावर घोषणा, फलक आणि सभात्याग असतो. अर्थसंकल्प मांडून झाला आणि सभागृहांना मधली सुट्टी लागली की दिल्लीच्या बातम्या आटतात. माझ्यासारख्या कापूसवाल्याच्या दृष्टीनं कामाचे दिवस तेच. त्या सुट्टीत संसदेच्या स्थायी समित्या एकेका मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी मागितलेला पैसा, तपासतात. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ खासदार एका बाजूला, समोर खात्याचे सचिव. मंत्र्याला या समितीत बसता येत नाही. मागच्या वर्षी दिलेला पैसा का पडून राहिला, यंदा तरतूद का कापली, याचा जाब सचिवाला द्यावा लागतो. बैठक बंद दाराआड असते म्हणून काहीजण नावं ठेवतात. मला उलट वाटतं. तिथं कॅमेरा नसतो, म्हणूनच सत्ताधारी पक्षाचा खासदारही आपल्याच सरकारला अडचणीचं विचारू शकतो.

याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. मार्च २०१२ मध्ये कृषी विषयक स्थायी समिती यवतमाळ जिल्ह्यात भांबराजा आणि मारेगावला येऊन गेली. अध्यक्ष होते पश्चिम बंगालचे मार्क्सवादी खासदार बासुदेव आचार्य. बोंडअळीला तोंड द्यायला जनुकं बदललेल्या बीटी कापसानं ही गावं सुखी झाली असं त्याआधी बाहेर छापून आलं होतं. गावकऱ्यांनी खासदारांना तोंडावर सांगितलं की तसं काही नाही. बियाण्याचा भाव, फवारणीचा खर्च, डोक्यावरचं कर्ज, घराघरातल्या आत्महत्या, सगळं सांगितलं. ९ ऑगस्ट २०१२ ला समितीचा ३७ वा अहवाल संसदेत आला. पहिल्या काही वर्षांचा जोर ओसरल्यावर बीटी कापसानं लहान शेतकऱ्याच्या हालात भरच घातली, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. जनुकीय पिकांच्या शेतातल्या चाचण्या थांबवा, बीटी वांग्याला परवानगीपर्यंत कुणी कसं नेलं याची चौकशी करा, अशा शिफारशी होत्या. सरकार काँग्रेस आघाडीचं आणि समितीत काँग्रेसचेही सदस्य, तरी अहवाल एकमतानं आला. सभागृहात असं एकमत मी तरी पाहिलेलं नाही.

पण माझे साडू त्याच गावांकडचे. ते आजही विचारतात, ‘‘सायेब आले, लिहून घेऊन गेले. मंग काय झालं?’’

झालं ते असं, की अशा शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. तीन महिन्यांत सरकारनं उत्तर द्यायचं. कोणती शिफारस मानली, कोणती मानली नाही आणि का, हे तपासून समिती पुन्हा कार्यवाहीचा अहवाल काढते. २००४ पासून मंत्र्यालाही सभागृहात त्यावर निवेदन करावं लागतं. म्हणजे उत्तर मिळण्याची वाट आहे, पण ती दिल्लीतच संपते. आमच्या ग्रामसभेत सचिवाला आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवावं लागतं; नाही वाचलं तर एखादा म्हातारा उठून ‘‘आधी मागचं सांग’’ म्हणतोच. ज्या गावानं साक्ष दिली त्या गावाला संसदेनं तेवढंही सांगू नये? आज आमच्याकडे मान्यता नसलेलं ‘चोर बीटी’ बियाणं खुशाल विकलं जातं. समितीला तेव्हा सांगितलेल्या गोष्टी जुन्या झाल्या नाहीत, वाढल्या.

दुसरी अडचण अशी की कापसाचं दुखणं एका समितीत मावत नाही. पीक कृषी समितीकडे. हमीभावानं खरेदी करणारी सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, वस्त्रोद्योग मंत्रालयाची, म्हणून ती कामगार व वस्त्रोद्योगाच्या समितीकडे. आयात शुल्क वित्त समितीकडे. गेल्या हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ ला, केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे आमचा पहिला-दुसरा वेचा बाजारात यायचे नेमके महिने. हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर करायचा आणि त्याच वेळी बाहेरच्या गाठींना दार मोकळं करायचं, हे कुणाच्या हिशेबात बसलं, हे तिन्ही खात्यांच्या सचिवांना एकाच टेबलाशी बसवून विचारलं पाहिजे. नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल.

आणि मुळात समितीपुढे पाठवायचंच नाही, ही सोयही आहे. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली. सतराव्या लोकसभेत जेमतेम १६ टक्के. २०२० चे तीन कृषी कायदे समितीकडे गेलेच नाहीत. पुढे वर्षभर दिल्लीच्या वेशीवर काय झालं ते आपण छापलंच आहे.

लोकलेखा समितीचं वेगळं. ती झालेला खर्च तपासते, आणि १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा पायंडा आहे. गोसीखुर्द धरणाचा खर्च ३७२ कोटींवरून १८ हजार कोटींच्या पुढे गेला, हे महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये लिहिलं. तिथलं पाणी किती शेतात पोचलं हे भंडारा-चंद्रपूरची मंडळी माझ्यापेक्षा बरं सांगतील.

डिसेंबर २०२४ मध्ये कृषी समितीनं हमीभावाला कायद्याची हमी द्या आणि किसान सन्मानचे ६ हजार १२ हजार करा, अशी शिफारस केली. आमच्या तालुक्यात ही गोष्ट ठाऊक असलेले शेतकरी बोटांवर मोजण्याइतके. हप्ता मात्र दोन हजारांचाच पडतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून दोन मागण्या. समिती ज्या गावात साक्ष घ्यायला जाईल, त्या ग्रामपंचायतीला तिचा अहवाल आणि त्यावरचं सरकारचं उत्तर मराठीत पाठवावं, आणि ते ग्रामसभेत वाचलं जावं. भांबराजा-मारेगावपासून सुरुवात करता येईल, चौदा वर्षांची थकबाकी आहे. दुसरी मागणी आपल्याकडे, संपादक महोदय. विदर्भातले कोणते खासदार कोणत्या समितीवर आहेत, वर्षभरात किती बैठकांना हजर होते आणि समितीनं आपल्या पिकांबद्दल काय लिहिलं, हे वर्षातून एकदा छापा. निवडणूक नसलेल्या वर्षी छापलंत तर अधिक बरं, तेव्हा लोक निवांत वाचतात.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी
ता. केळापूर, जि. यवतमाळ