गोचिडीचा विषाणू आणि तुमचं कालचं स्फुट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातलं माकडतापाच्या (गोचीड चावून माणसांना आणि माकडांनाही होणारा ताप) लशीवरचं स्फुट वाचलं आणि डोकंच फिरलं. लेखक म्हणतात, विषाणूच्या प्रथिनांचे थ्रीडी फोटो काढण्यात पैसे घालवण्यापेक्षा फवारणी करा. फवारणी कुठे कुठे करणार हो? माकड मेलं की आजूबाजूला पावडर मारतात, ती मारलीच पाहिजे, पण गोचिडी उंदरा-घुशींवर असतात, ढोरांच्या अंगावरून बागेत येतात आणि माणसाला चावतात ती त्यांची खसखशीएवढी पिल्लं, दिसतपण नाहीत.

आम्ही सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातले. माझ्या काकांना ऐन काजूच्या सीझनमध्ये ताप भरला, डॉक्टर डेंग्यू म्हणून सलाइन लावत बसले, रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. वाचले, घरी आले, आणि मग पुन्हा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, हात एवढे थरथरायचे की चहाचा कप काकी धरायची. त्यांनी लस घेतली नव्हती असं नाही. एक डोस घेतला होता, दंड इतका ठणकला की दुसऱ्याला गेलेच नाहीत. गावात बऱ्याच जणांचं तसंच झालं. त्या लशीचे महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा-नऊ महिन्यांनी बूस्टर, पुढे दरवर्षी बूस्टर, रोजावर जाणारा माणूस एवढ्या फेऱ्या मारणार कधी? आणि दोन डोस घेऊनही संरक्षण साधारण 62 टक्केच, हे कर्नाटकातल्या अभ्यासातच आलंय. शेवटी ती लस परिणामकारक राहिली नाही म्हणून 2022 च्या सुमारास बंदच झाली.

कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत अख्खा विषाणू वाढवून फॉर्मलिनने मारायचा, अशी ती जुनी पद्धत. नवी लस चांगली करायची तर शरीराला विषाणूचा नेमका कुठला भाग दाखवायचा हे आधी कळायला नको का? विषाणूवर ई नावाचं प्रथिन जोडीजोडीने आडवं झोपलेलं असतं, पेशीने विषाणू एका पिशवीत ओढून घेतला आणि तिथली आम्लता वाढली की त्या जोड्या सुटतात, तीन-तीन एकत्र येऊन उभे राहतात आणि विषाणू आत घुसतो. जोडी सुटायच्या आधीचा आकार पक्का धरून ठेवता आला तर अँटीबॉडी नेमक्या जागी तयार होतील, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. युरोपातल्या गोचीड-मेंदूज्वराच्या विषाणूचं हे प्रथिन 1995 मध्येच उलगडलंय. पण तिकडची लस आणून इथे टोचली की झालं, असं नाही, विषाणू भाऊबंद असले तरी तिच्या अँटीबॉडी आपल्या विषाणूला नीट अडवत नाहीत. आपल्याच विषाणूचा आकार बघावा लागणार. 1957 साली शिमोग्याच्या जंगलात सापडलेला रोग आहे हा, आता गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि आमच्या बांद्यापर्यंत येऊन माणसं मारतोय, आणि त्यावरचं संशोधन तुम्हाला चैन वाटते याचा खरंच राग येतो.

आणखी एक, स्फुटासोबत फोटो डासाचा छापलाय. आमच्याकडे आधीच निम्मे लोक हा डासाचा ताप समजतात, मच्छरदाणी लावतात आणि उघड्या पायांनी बागेत जातात. कृपया उद्याच दुरुस्ती छापा, गोचिडीचा फोटो घाला, आणि बागेत जाताना अंगाला गोचीड दूर ठेवणारं तेल लावा, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा हेही लिहा. डिसेंबर ते मे हाच तापाचा सीझन असतो, पावसाळ्यात छापून उपयोग नाही.

आपला,
एक वाचक, दोडामार्ग