‘मॉडेल बदला’ न म्हणणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण मी टाकलेल्या त्या फोटोवर तुमच्या आधी आलेले शेरेही चारचौघांतच मारलेले होते. ‘मॉडेल बदला.’ ‘दंड जाड दिसतोय, फुल बाह्यांचं काहीतरी घाला.’ ‘किट लेन्सवर आणखी काय येणार?’ आपलं म्हणणं फोटोतली मुलगीही वाचत असेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दंड तुम्हालाही दिसला होता. तुम्ही त्यावर लिहिलंत: ‘हात अंगाला दाबून धरलाय, म्हणून दंड पसरलाय. कोपर चार बोटं बाहेर घे, हात आणि कंबर यांच्यामधून मागची भिंत दिसू दे.’ फोटोत नेमक्या त्या जागी एक छोटा गोल काढला होतात. आणि खाली एक ओळ: ‘हे तिलाही दाखव. तिचं काहीच चुकलेलं नाही.’

ताई, ती पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली ती त्या ओळीमुळे. बाकी सगळं नंतर.

अर्थात बाकीचंही काही कमी नव्हतं. ‘नीट उभी राहा’ म्हटलं की माणूस दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ होतो. त्यापेक्षा ‘मागच्या पायावर भार दे, पुढचा गुडघा सैल सोड’ म्हटलं की कंबर, खांदे आपोआप तिरके होतात. हनुवटी आधी थोडी पुढे, मग किंचित खाली. नुसती खाली घेतली तर गळ्यावर वळी पडते. पंजाची पाठ कॅमेऱ्याकडे आली तर हात फावड्यासारखा दिसतो, म्हणून करंगळीची कड दाखवायची. पूर्ण उंचीच्या फोटोत कॅमेरा कंबरेच्या उंचीवर हवा, डोळ्यांच्या उंचीवरून पाय आखूड येतात. आणि फ्रेम मनगटावर, गुडघ्यावर किंवा घोट्यावर कापायची नाही. मांडीच्या मध्यावर कापली तर चालते.

लेन्सवाल्यांना तर तुम्ही परस्परच उत्तर दिलंत. नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात ते अगदी जवळून काढल्यामुळे. तीच किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येते ती साधी झूम लेन्स) ५५ एमएमवर न्यायची, दोन-अडीच मीटर मागे सरकायचं, की चेहरा ताळ्यावर येतो. तिथे अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही आणि पार्श्वभूमी हवी तेवढी धूसर होत नाही, म्हणून मॉडेलला भिंतीपासून तीन-चार मीटर पुढे आणायचं. पार्श्वभूमी मऊ होते आणि भिंतीवरची सावलीही जाते. खर्च शून्य. (महागडी लेन्स सुचवणं सोपं असतं, पैसे दुसऱ्याचे असतात.)

गाल आणि कपाळ पांढरंफटक का पडलं, तेही तुमच्यामुळेच कळलं. काळा ड्रेस फ्रेमभर पसरलेला. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्या काळ्याला राखाडी करायला जातो, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) वाढवतो आणि चेहरा उडतो. स्पॉट मीटरिंग, म्हणजे उजेड फक्त एका ठिपक्यावर मोजणं, गालावर, नाहीतर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एक, म्हणजे कॅमेऱ्याला मुद्दाम एक पायरी काळोखा फोटो काढायला सांगायचं. मॅन्युअलवर, म्हणजे सगळी सेटिंग्ज स्वतः लावून, एकदा जमलं की प्रकाश बदलेपर्यंत हात लावायचा नाही. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, उजेड कमी पडला तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवायचा, मग फोटोत दाणे, म्हणजे ग्रेन, आले तरी. ‘ग्रेन चालतो, हललेला डोळा चालत नाही’ हे तुमचं वाक्य तर पाठच झालंय. डोळ्यांखालच्या खड्ड्यांसाठी छातीच्या उंचीवर, फ्रेमच्या जरा बाहेर, उजेड परतवायला पांढरा थर्माकोल.

हे सगळं ठाऊक असणारे पुष्कळ आहेत. ठाऊक असूनही समोरच्याला लहान न करता सांगणारे फार थोडे, आणि तसं सांगायला वेळ जास्त लागतो असंही नाही. ‘दंड जाड’ आणि ‘कोपर बाहेर घे’, टाइप करायला किती फरक पडतो? तरी लोकांना पहिलंच सुचतं.

पुढचं शूट पांढऱ्या ड्रेसवर आहे. म्हणजे मीटर उलटा फसणार आणि चेहरा काळवंडणार, म्हणून अधिक एकपासून सुरुवात आणि कापडाची वीण उडतेय का ते हायलाइट वॉर्निंगवर (जास्त उजळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो ती सोय) बघणं. फोटो पाठवते. या वेळी गोल काढाल तेव्हा ती शेजारीच बसलेली असेल, तिने स्वतःच तसं सांगितलंय.