सूचना : योशिनोरी साकाई यांच्याविषयी रविवारची बैठक

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळची धाव संपल्यानंतर रंकाळ्यावर, शालिनी पॅलेसच्या बाजूस, योशिनोरी साकाई यांच्या जीवनाविषयी माहिती दिली जाईल. ६ ऑगस्ट १९४५ रोजी, हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला त्याच दिवशी, त्याच प्रांतातील मियोशी येथे जन्मलेल्या या धावपटूने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकची ज्योत प्रज्वलित केली. मात्र स्पर्धक म्हणून जपानच्या संघात त्यांना स्थान मिळाले नव्हते, आणि आमच्या मते हीच बाजू अधिक विचारात घेण्याजोगी आहे, कारण १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांनी ४ × ४०० मीटर रिलेचे सुवर्णपदक पटकावले. शिवजयंतीस पन्हाळ्याहून ज्योत आणणाऱ्या सभासदांनी (त्यांना निराळा आग्रह नकोच) आपले अनुभव सांगावयाचे असल्यास शनिवारपर्यंत सचिवांकडे नाव नोंदवावे.