नावं चौदा, सही एक

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशात राहणाऱ्यांनी गावी घर बांधावं की शहरात तयार फ्लॅट घ्यावा, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख इथे मस्कतला, रुवीतल्या आमच्या खोलीत, आम्ही चौघांनी जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचला. लेखात गावच्या मातीची ओढ होती, फ्लॅटच्या किमती होत्या, कर्जाचे हप्ते होते. सातबारा मात्र कुठेच आला नाही. माझं घर तिथेच अडलं, म्हणून हे पत्र.

मी गुहागर तालुक्यातला. २००४ पासून ओमानमध्ये एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. इथे स्वतःचं घर करण्याचा विचार आमच्यासारख्याच्या मनातही येत नाही. परदेशी माणसाला मुख्यतः ठरावीक पर्यटन संकुलांत घर विकत घेता येतं, ते आमच्या आवाक्यातलं नाही, आणि व्हिसा कंपनीच्या हातात. काम संपलं की परत जायचं. त्यामुळे घर गावीच, हे पहिल्या पगारापासून ठरलेलं होतं.

२०१६ साली वडील गेले. गावचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं, ओटी, माजघर, पडवी आणि वर मंगळुरी कौलं. बाजूला परडं आणि त्यात एक मोठा फणस. फणसाच्या अलीकडचं आमचं, पलीकडचं काकांचं, असं आजोबांनी तोंडी वाटून दिलेलं. पन्नास वर्षांत त्यावरून कुणी चकार शब्द काढला नव्हता. जानेवारी २०१८ मध्ये मी फणसाच्या अलीकडे नवं घर धरलं. ७८० चौरस फूट, चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब, ठेका चौरस फुटाला १,४५० रुपये. ठेकेदार म्हणाला, ग्रामपंचायतीची परवानगी मागाहून काढू, आधी जोतं वर घेऊ.

शुक्रवार माझ्या सुट्टीचा. सकाळी आठला मी व्हिडिओ कॉल लावायचो, तेव्हा गावी साडेनऊ वाजलेले असायचे. भावकीतला एक पुतण्या मोबाईल धरून जोत्याभोवती फिरायचा. "जरा डावीकडे घे, खाली दाखव, तो कोपरा दाखव," असं मी इथून सांगायचो. नुकतंच पाणी मारलेला चिरा लालभडक दिसतो. गवंडी तासणीने चिऱ्याची कड साफ करतोय आणि लाल भुकटी त्याच्या पायांवर पडतेय, हे मी इथे पलंगावर बसून बघायचो, आणि मला भरून यायचं. फोन ठेवला की पैसे पाठवायचो. साडेचार लाख गेले तेव्हा जोतं पुरं झालं होतं.

शिमग्याला पालखी घरी यायची म्हणून काका बोरिवलीहून गावी आले. जोत्याभोवती एक फेरी मारली, ओटीवर येऊन बसले आणि तिथूनच मला फोन लावला. रागावले नव्हते. म्हणाले, "घर बांधतोयस, चांगली गोष्ट आहे. पण मला एका शब्दाने विचारलं नाहीस. सातबारा काढून बघ एकदा."

त्याच रात्री ऑनलाइन उतारा काढला. चौदा नावं. आई, मी आणि बहीण. काका. एक आत्या. बाकीच्या दोन आत्या वारलेल्या, म्हणून त्यांची नऊ मुलं. त्यांतल्या काहींना मी लहानपणी मे महिन्यात भेटलो होतो, काहींना तर कधीच नाही. आई तलाठ्याकडे गेली तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, नावं चौदा आणि सही एकाची. कसं चालायचं?"

हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. फणसाची हद्द सातबाऱ्यावर नसते. सामाईक सातबारा असेल तर रीतसर वाटप होईपर्यंत प्रत्येक हिस्सेदाराचा हक्क जमिनीच्या प्रत्येक भागावर असतो. माझ्या जोत्याखालच्या जमिनीवर माझ्या आतेबहिणीचाही हक्क होता. नुसती मोजणी मागवली तरी सरकारी मोजणीदार बाहेरची हद्द दाखवील. आतलं कुणाचं किती, ते सगळ्यांच्या संमतीने किंवा कोर्टातून वाटप होऊन पोटहिस्से पडतील तेव्हाच ठरणार. परवानगी मागाहून काढू म्हणणाऱ्या ठेकेदाराची चूक आहेच, पण त्याला होकार मी दिला होता. काम थांबवलं. ठेकेदाराने पुढचे फोन उचलले नाहीत.

मग मन फ्लॅटकडे वळलं. मुलीच्या शिक्षणासाठी बायको चिपळूणला भाड्याने राहत होती, म्हणून तिथेच बघायला सुरुवात केली. २०१९ मध्ये बाजारपेठेजवळ बांधकाम चालू असलेल्या इमारतीत तळमजल्याची एक जागा आवडली. बिल्डर तीस टक्के रक्कम आधी मागत होता आणि करारनामा पुढे करू म्हणत होता. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा कायदा, त्यात करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे मला माहीत होतं. महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प शोधला, सापडला नाही. इमारत सात सदनिकांची. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर रेराची नोंदणी लागत नाही. तालुक्याच्या गावी अशा लहान इमारती गल्लोगल्ली उभ्या आहेत. परदेशातला माणूस 'रेरा आहे ना' म्हणत निर्धास्त असतो, आणि त्याची इमारत त्यात बसतच नसते. मेव्हण्याने पाय मागे घ्यायला लावला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

२२ जुलै २०२१ रोजी पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं. बायको आणि मुलगी दुसऱ्या मजल्यावर होत्या. साडेसहाला बायकोचा फोन आला, "जिन्याच्या सहा पायऱ्या बुडाल्यात." त्यानंतर फोन लागेना. दिवसभर मी कामावर होतो. शिडीवर चढून एसीचं फिल्टर काढायचो, खाली उतरलो की नंबर लावायचो. दुसऱ्या दिवशी रात्री तिचा आवाज ऐकला. आम्ही जी जागा घेणार होतो, तिच्या दारावर पाण्याची रेघ माणसाच्या डोक्यावर होती. पाटबंधारे खात्याची पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणारी नकाशावरची रेघ, निळी आणि लाल, ही काय चीज आहे ते मी त्यानंतर समजून घेतलं. कोकणात नदीकाठच्या गावात घर घेताना मजला कितवा हे विचारण्याआधी ती रेषा कुठून जाते ते विचारा.

२०२२ मध्ये उंचावरच्या भागात तयार फ्लॅट घेतला. दुसरा मजला, ६१० चौरस फूट कार्पेट, किंमत २७ लाख. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा दाखला, हातात आलेलं होतं, म्हणून जीएसटी लागला नाही. चालू बांधकामात एरवी पाच टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या लहान घराला एक टक्का लागतो. घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं, त्यामुळे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली. त्याहून मोठा फायदा दुसराच होता. ती भारतात राहते. निबंधक कार्यालयात गेली, अंगठा दिला, फोटो काढला, काम झालं. मी खरेदीदार असतो तर दूतावासात जाऊन कुलमुखत्यारपत्र करायचं, ते गावी पाठवायचं, पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा, हे सगळं ओघाने आलं असतं. ज्याची बायको किंवा बहीण भरवशाची आहे, त्याने हा विचार जरूर करावा. माझ्या माहितीतल्या काहींना हे कमीपणाचं वाटतं. मला वाटलं नाही. वीस वर्षं घर तिनेच चालवलंय.

आता गावच्या घराचं. आपल्या लेखात म्हटलंय की गावी हक्काचं घर बांधून ठेवावं, निवृत्तीनंतर उपयोगी पडतं. महोदय, कोकणात बंद घर 'ठेवता' येत नाही. आई चिपळूणला राहायला गेली आणि आमचं घर पहिल्यांदा पूर्ण पावसाळा बंद राहिलं. गणपतीला मी कुलूप काढलं तर दार फुगून चौकटीत बसलेलं, खांदा लावून ढकलावं लागलं. आत कोंदट वास. भिंतीवरच्या फोटोंच्या काचेत आतून बुरशी आली होती, वडिलांचा चेहरा अर्धा पांढरा झाला होता. माजघराच्या तुळईवर बोटाएवढी मातीची रेघ वर चढत गेलेली. वाळवी. नखाने खरवडली तर लाकडाचा पापुद्रा हातात आला, आत नुसता भुसा. आई खाली उभी राहून बघत होती. म्हणाली, "चूल पेटत होती तोवर धुराने वासे राखले होते."

नवं स्लॅबचं घर बांधलं तरी हेच व्हायचं. वाळवी चौकटी खाईल, गच्चीच्या तोंडाशी पाला अडकून पाणी तुंबेल, पंपाची मोटर जाम होईल. आमच्या वाडीतल्या बारा घरांपैकी पाच घरं मुंबईकरांनी आणि आखातातल्यांनी बांधलेली नवी आहेत. गणपती आणि शिमगा सोडला तर त्यांची कुलपं निघत नाहीत. म्हणून माझा निर्णय असा झाला की गावी नवं बांधायचं नाही. जुनं दुरुस्त करायचं. तुळई बदलायची, कौलं चाळायची, पडवीची भिंत चिऱ्याची करायची. आणि शेजारच्या घरातल्या वहिनींना महिन्याला ठरावीक पैसे देऊन आठवड्यातून दोनदा दारं-खिडक्या उघडून घ्यायच्या. गेली दोन वर्षं हे चालू आहे. फोटोंवर पुन्हा बुरशी आलेली नाही.

आमच्या खोलीतल्या साताऱ्याच्या मित्राने तर गेल्या वर्षी कोकणात समुद्राजवळ पाच गुंठ्यांच्या प्लॉटला बयाणा दिला. जाहिरातीत 'बंगलो प्लॉट' होतं. उतारा मागवला तर जमीन शेतीची. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, तो व्यवहार परकीय चलनाच्या कायद्यातच बसत नाही. वारसाने आलेली शेती ठेवता येते, एवढंच. प्लॉट विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही. बयाणा अजून परत मिळालेला नाही. रोज रात्री तो त्या माणसाला एक मेसेज टाकतो.

अशा जाहिराती आपल्या पुरवणीतही असतात. आपल्याला माझी कळकळीची विनंती आहे. जिथे जमिनीची जाहिरात छापता, तिथे ती शेतीची की बिनशेतीची हे एका ओळीत छापायला लावा. इमारतीच्या जाहिरातीत महारेराचा क्रमांक द्यावाच लागतो. जी इमारत लहान म्हणून नोंदणीतून सुटलेली आहे, तिच्या जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलेलं असू द्या. आम्ही इथे आपलाच पेपर वाचून पैसे गुंतवतो.

भूमी अभिलेख खात्यालाही एक सांगणं आहे. सहहिस्सेदाराला मोजणीची नोटीस गावच्या पत्त्यावर जाते. गावी घर बंद. कधी शेजारी सही करून घेतो, कधी नोटीस दारात पडून ओली होते. नोटीस मोबाईलवरही पाठवायची सक्ती झाली, तर माझ्यासारखे शेकडो लोक वेळेवर रजा मागू शकतील.

काका २०२० मध्ये गेले. त्यांचे वारस लागल्यावर चौदाची सतरा नावं झाली. गेली तीन वर्षं मी प्रत्येक रजेत दोन-तीन घरी जातोय. परळ, विरार, कोल्हापूर, एक आतेबहीण बडोद्याला. आधी हिस्स्याचा विषय काढत नाही. चहा होतो, आजीच्या आठवणी निघतात, मग कागद पुढे ठेवतो. एका आतेभावाने तोंडावर सांगितलं, "मामा गेले तेव्हा आला नाहीत, आता सहीला आलात." त्याच्याकडे मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा सही मिळाली. बडोद्याच्या बहिणीने तिचा हिस्सा ठेवायचा म्हटलंय आणि तो ती ठेवणार, त्यात माझी काही तक्रार नाही. तिला नदीकडचा तुकडा हवा आहे.

पोटहिस्स्याची मोजणी येत्या मे महिन्यात आहे. १२ तारखेपासून माझी रजा मंजूर झाली आहे. अर्धवट राहिलेलं जोतं अजून फणसाखाली तसंच आहे, चिऱ्यांवर शेवाळ धरलंय. काकांची मुलगी गणपतीला आली होती. ती त्यावर बसून म्हणाली, "दादा, हे चिरे इथे कुजवण्यापेक्षा काढून पडवीच्या भिंतीला लाव. बाबांना आवडलं असतं." तिचं संमतीपत्र गेल्या आठवड्यात आईकडे पोचलं.

आपला,
एक वाचक, रुवी, मस्कत
(भावकीचा विषय असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)