प्रतिस्पर्धी ठरलेला हवा, पाणीही ठरलेले हवे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांमधील होड्यांच्या शर्यतीची बातमी यंदाही आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर तळाशी चार ओळींत आली. लंडनमधील एक जुनी गंमत यापलीकडे त्या ओळींतून वाचकाला काही कळले नसावे. या शर्यतीचा इतिहास नीट पाहिला, तर दोन खाड्यांच्या मधोमध वसलेल्या आपल्या ठाण्याला त्यातून घेण्यासारखे बरेच आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ही शर्यत कोणत्याही सरकारने किंवा क्रीडा महासंघाने सुरू केलेली नाही. चार्ल्स वर्डस्वर्थ आणि चार्ल्स मेरिव्हेल हे हॅरो येथील शाळेतले सोबती पुढे एक ऑक्सफर्डला, तर दुसरा केंब्रिजला शिकायला गेला, आणि त्यांच्या मैत्रीतून ही कल्पना निघाली. 12 मार्च 1829 रोजी केंब्रिजने ऑक्सफर्डला आव्हानाचे पत्र पाठवले आणि 10 जून रोजी हेन्ली येथे टेम्स नदीवर पहिली शर्यत झाली, ती ऑक्सफर्डने जिंकली. पुढच्या शर्यतीसाठी हरलेल्याने जिंकलेल्याला आव्हान द्यायचे, हा संकेत तेव्हापासून चालत आला आहे. मला या संकेताचे फार मोल वाटते, कारण पराभूत पक्षाच्या हातातच पुढच्या वर्षाचे निमंत्रण असेल, तर पराभवाने परंपरा खंडित होत नाही.

अर्थात आरंभी ती सलग चालली नाही. दुसरी शर्यत थेट 1836 साली लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ते पटनी अशी झाली. तो भाग जहाजांच्या गर्दीने अडचणीचा होऊ लागला, तेव्हा 1845 साली शर्यत नदीच्या वरच्या अंगाला पटनी ते मॉर्टलेक या टप्प्यात नेण्यात आली. सुमारे 6.8 किलोमीटरचा हा टप्पाच आजचा मार्ग आहे. 1856 पासून ती दरवर्षी होते. दोन महायुद्धांची वर्षे आणि करोनामुळे रद्द झालेले 2020 हे वर्ष एवढेच अपवाद. 1877 साली ती बरोबरीत सुटली. 1912 साली वादळी वाऱ्यात दोन्ही नावांत पाणी भरले, आणि दोन दिवसांनी शर्यत पुन्हा घ्यावी लागली. नावाही बदलत गेल्या. 1846 साली वल्ह्याचा टेकू नावेच्या काठाबाहेर काढलेल्या लोखंडी आधारावर आला, त्यामुळे नाव अरुंद ठेवूनही वल्ह्याला तरफेचे बळ मिळू लागले. 1873 साली सरकती बैठक आली आणि वल्हवणाऱ्याच्या हातांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, काम त्याच्या पायांकडे गेले.

महिलांची शर्यत 1927 साली ऑक्सफर्ड येथे सुरू झाली. त्या दिवशी दोन्ही नावांना एकाच वेळी पाण्यात उतरू दिले नाही. वेगाबरोबर वल्हवण्याच्या डौलालाही गुण देण्यात आले. पुरुषांच्याच मार्गावर आणि त्याच दिवशी शर्यत घेण्याचा मान महिलांना मिळायला 2015 साल उजाडले. आपल्याकडे असे काही सुरू झाले, तर मुलींची नाव पहिल्याच वर्षी मुलांच्या बरोबरीने पाण्यात असली पाहिजे. त्यासाठी 88 वर्षे थांबण्याचे काही कारण नाही.

अमेरिकेतील कथा ठाणेकरांना अधिक जवळची वाटेल. 3 ऑगस्ट 1852 रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील विनिपसॉकी सरोवरावर हार्वर्ड आणि येल यांच्यात शर्यत झाली. त्या देशातील महाविद्यालयांमधली ही पहिली क्रीडा लढत मानली जाते. खर्च उचलला होता एका रेल्वे कंपनीने, कारण तिला त्या रम्य सरोवराकडे प्रवासी न्यायचे होते. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली ती त्यानंतर साडेआठ महिन्यांनी, 16 एप्रिल 1853 रोजी. लोकांना पाण्याकाठी आणण्याचे काम रेल्वेने तिकडे तेव्हाच केले, आणि आपल्याकडे आजही हजारो विद्यार्थी रोज लोकलने कळव्याची आणि वाशीची खाडी ओलांडतात, पण त्या पाण्यावर पाहण्यासारखे काही असते असे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

सर्वांत जास्त विचार मात्र टोकियोच्या उदाहरणाचा व्हावा. वासेदा आणि केइओ या विद्यापीठांची शर्यत सुमिदा नदीवर 1905 साली सुरू झाली. युद्धानंतरच्या औद्योगिक वाढीत ती नदी इतकी घाण झाली की 1960 च्या दशकात शर्यत तेथून हलवावी लागली. पुढे नदीची स्थिती सुधारली आणि 1978 साली शर्यत सुमिदावर परत आली. ठरलेली शर्यत असली की नदीचे आजारपण लपत नाही, कारण दरवर्षी त्याच दिवशी, त्याच पाण्यावर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. लंडनमध्येही अलीकडे टेम्समधील सांडपाण्याचा प्रश्न या शर्यतीच्या निमित्ताने ऐरणीवर आला. विजयी चमूने आपल्या कॉक्सला, म्हणजे सुकाणू धरून हुकूम देणाऱ्याला, पाण्यात फेकण्याची जुनी प्रथा तेथे आहे, आणि त्या पाण्यात जाऊ नका असे खेळाडूंना बजावावे लागले. ठाणे खाडीच्या प्रदूषणाविषयी आपल्याकडे अहवाल निघतात, पण खाडीच्या बाजूने दरवर्षी ओरडणारा असा एकही दिवस आपल्या दिनदर्शिकेत नाही.

महाराष्ट्रात ही विद्या नाही असे कोणी समजू नये. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब 1928 सालचा आहे. मी तेथे 1974 ते 1978 या काळात शिकलो आणि संगमाजवळ मुळेच्या पाण्यावर पहाटे वल्हे मारले. आठ वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडली की नावेखालून जो एकसंध आवाज येतो, तो मला आजही आठवतो. वल्हवणारे सगळे पाठमोरे बसतात, पुढचे पाणी दिसते ते एकट्या कॉक्सला, आणि त्याच्या आवाजावर विश्वास ठेवून अंगातले शेवटचे बळ लावायचे असते. मात्र आमचा रेगाटा हा मुख्यतः नावांच्या देखण्या रचनांचा सोहळा. समोर ठरलेला प्रतिस्पर्धी नसे, आणि ती उणीव तेव्हाही जाणवे. आंतरविद्यापीठ स्पर्धा देशात होतात, पण त्या पदकासाठी असतात आणि त्यांचे ठिकाण बदलत राहते, त्यामुळे काठावर उभा राहणारा प्रेक्षक घडत नाही.

हा श्रीमंतांचा खेळ आहे, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावातला, विहिरी खणण्याचे काम केलेला दत्तू भोकनळ सैन्यात भरती झाला, तेथे रोइंग शिकला, 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव रोइंगपटू म्हणून उतरून तेरावा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. पाणी दुर्मीळ असलेल्या गावचा मुलगा हे करू शकतो, तर ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वल्हे आहे, त्या चेंदणीच्या, कोलशेतच्या, दिवाळे गावच्या मुलांना महाविद्यालयात कोणी शर्यतीची होडी का देऊ नये? नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांत होड्यांच्या शर्यती लागतात, त्यांतील जोर आणि पाण्याची जाण विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, मुंबई विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांनी दरवर्षी ठाण्यात एक शर्यत घ्यावी. ऐरोली आणि वाशी पुलांमधले पाणी यासाठी मुळीच वापरू नये. तेथे 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 साली त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे, आणि हिवाळ्यात ते पाणी पाहुण्या पक्ष्यांचे असते. उल्हास नदीच्या खाडीत गायमुखकडून कोलशेतकडे येणारा टप्पा योग्य वाटतो. एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खारफुटी आणि कोलशेतला लोकांना उभे राहायला काठ आहे. रेती उपशाने तळ कोठे खचला आहे आणि गाळ कोठे साठला आहे, याची पाहणी मात्र आधी करावी लागेल, आणि ती तेथे रोज होडी घालणाऱ्या कोळी बांधवांना बरोबर घेऊनच करावी.

वेळ ठरवण्याचे शास्त्रही त्यांच्याकडे आहे. टेम्सवरची शर्यत भरतीचे पाणी नदीत वर चढत असताना सुरू होते, म्हणून तिची घटका दरवर्षी बदलते आणि चढत्या पाण्याचा सर्वांत वेगवान पट्टा पकडण्यासाठी दोन्ही कॉक्स झगडतात. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तृतीयेला सव्वादोन वाजता भरती पूर्ण होते, आणि खाडीत आत ठाण्यापर्यंत पाणी चढायला त्यानंतर आणखी थोडा वेळ लागतो. माघ महिन्यातील तृतीयेला, उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसताना, दुपारी दीडच्या सुमारास गायमुखहून दोन नावा सोडता येतील. दोन्ही कुलगुरूंपैकी एकाने दुसऱ्याला आव्हानाचे पत्र तेवढे पाठवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त अभियंता,
कोलशेत, ठाणे (पश्चिम)