पैसे देते, पण आधी दोर घे

आंजर्ले, 4 मे

चि. सूरज यास आईचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू झाडं छाटायच्या मशीनच्या, त्या चेनसॉच्या पैशांचं काढलंस आणि मी "बघू" म्हणून फोन ठेवला. रागावले नव्हते रे. तुझं स्टेटस सकाळीच पाहिलं होतं, ते डोक्यातून जाईना. सुमीने फोटो मोठा करून दाखवला. पर्जन्यवृक्षाच्या फांदीवर उभा, उजव्या हातात मशीन, डावा हात वरच्या डहाळीला, आणि हसतोयस. तुझ्या बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, एवढंच म्हणाले, "याचा दुसरा हात मशीनवर का नाही?" आणि उठून गोठ्यात गेले.

पैशांचं आधी सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. देते. बचत गटातून उचलते, आंब्याचे आले की फेडू. पण ते मशीनचे नाहीत. आधी स्वतःचा हार्नेस, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचे ते पट्टे, अंगाचा दोर आणि तारेचा गाभा असतो तो कमरेचा दोर. उरले तर मशीन. ठेकेदाराच्या दोरावर जाऊ नकोस. त्याने किती उन्हं खाल्ली, त्यावर कुणी पेट्रोल सांडलं, त्याने ओंडके ओढले का, तुला काय ठाऊक? ओंडके सोडायचा दोर वेगळा आणि अंगाचा वेगळा, हे तुला मी सांगायला नको. कापताना दोन ठिकाणी बांधलेलं असावं, हेही नको. मशीन चुकून लागलं तर एक दोर तुटेल, दुसरा धरेल. तारेचा त्यासाठीच.

तुला हवंय ते वर मूठ असलेलं लहान मशीन. हलकं आहे, झाडावर बरं पडतं, मान्य. पण हलकं आहे म्हणूनच एका हाताने उचलावंसं वाटतं. गेल्या वर्षीच्या मशीनची पुस्तिका मी वाचलीय, तू नाही वाचलीस. बारच्या, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या, टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उसळून अंगावर येतं. डावा हात पुढच्या मुठीवर असला तर मुठीपुढच्या आडीवर मनगट आदळून ब्रेक लागतो आणि मशीनही ताब्यात राहतं. तो हात डहाळीला असला, तर? असो. मनगटाएवढ्या फांदीला मशीन हवंच कशाला? ती वाकडी हातकरवत घे, ओढताना कापते ती. तिच्या कडक दातांना कानस लागत नाही, पातं बोथट झालं की बदलायचं. मशीनपुढे तिची किंमत काहीच नाही.

झालं, पुराण लागलं माझं. तू दिवसभर उन्हात लटकणार आणि संध्याकाळी आईचं हे वाचणार. रागवू नकोस.

निसर्ग वादळाच्या वेळचं आठवतं का? 3 जून 2020. दुपारनंतर वारा पडला आणि बाहेर येऊन बघतो तर आपली सुपारीची बाग निजवल्यासारखी आडवी. वरच्या आळीत शकूवन्सं अडकलेल्या, वाटेवर फणस पडलेला, वीज नाही, फोन नाही. कुणाचं तरी मशीन मागून आणलंस आणि दुसऱ्या दिवशी वाट मोकळी केलीस. वाकलेलं लाकूड कुठल्या अंगाने ताणलंय हे बाबा काठीने दाखवत होते आणि तू तिथून बाजूला होऊन कापत होतास. घाई नव्हती तुला. वन्सं अजून सगळ्यांना सांगतात. मी त्यांच्यासमोर काही बोलत नाही, पण घरी येऊन बाबांना दोनदा सांगते. तेव्हा तुझे पाय जमिनीवर होते, एवढाच फरक.

धारेचं मात्र तुझं मला पटत नाही. बोथट झाली की नवी चेन, हे कुठून शिकलास? बाबांचा कोयता गाडीच्या पाट्याचा, लोहाराने पाणी असं दिलं होतं की वर्षानुवर्षं टिकला, पण रोज संध्याकाळी तो मी पाजवायची तेव्हा. चेनचंही तेच. भुसा पिठासारखा पडायला लागला की धार गेली. चांगली असली की बारीक काप पडतात. कानस आतून बाहेर, पुढे जातानाच दाबायची, आणि प्रत्येक दाताला सारखेच हात. एका बाजूला जास्त झाले की मशीन तिरकं कापतं. दातांपुढची ती बुटकी टेकाडं चार-पाच वेळा धार लावली की चपट्या कानशीने थोडी उतरवायची, माप लावून. जास्त उतरवलीस तर चेन लाकूड चावायला बघते आणि मशीन हाताला झटके देतं. काम संपलं की चेन सैल कर, तापलेली असताना ताणलेली गार झाली की आवळते. आणि गाडीचं जळकं काळं ऑइल बारला घालू नकोस, सगळे घालतात म्हणून. पेट्रोलही महिनाभर कॅनमध्ये ठेवू नकोस. इथेनॉलमुळे ते पाणी धरतं, मग स्टार्टरची दोरी ओढून खांदा जातो.

बाबांचा दोर रोज मीच तपासायची. डोळे मिटून, मुठीतून सरकवत. कुठे बारीक लागला, कुठे मऊ पडला, कुठे कडक झाला, हाताला आधी कळतं. शंका आली की कोयत्याने हातभर तुकडे करून टाकायची, म्हणजे पुढे कुणी भुलून त्यावर चढायला नको. तात्यांचं मी उगाळत नाही, तुला सगळं माहीत आहे. त्यांचा दोर चांगला होता. त्या दिवशी तो खुंटीवर होता, एवढंच. "एकच तर फांदी आहे" म्हणाले होते.

बघ, उगाळलंच.

ठेकेदार घाई करेल, पावसाआधी छाटणी उरकायची म्हणून. तुला नाही जमत तर नाही म्हण. गुलमोहराच्या फांदीवर भरवसा ठेवू नकोस, ती कधी आवाज न करता सुटते. वीजवाहिनी जवळ असली तर पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत चढू नकोस. छाटणीची परवानगी आहे ना, तेही विचारून घे, नंतर पोरांनाच पुढे करतात.

बाबांचं कंबरेचं बरं आहे. हापूस उतरवायला आलाय.

तुझी,
आई

ता. क. संजूच्या गाडीने आंब्याच्या पेटीत 4 मिलिमीटरची गोल कानस घालून पाठवते आहे. ती जुन्या चेनची. नवं मशीन घेतलंस आणि त्याची चेन वेगळ्या मापाची निघाली, तर ही वापरू नकोस, दुकानातून त्या मापाची घे. हार्नेस घेतलास की पावतीचा फोटो पाठव. तुझा नको.