लाल डोळा म्हणजे दरवेळी डोळे आले असं नाही

गटातल्या सर्व ताईंसाठी सूचना. सोयाबीनचं थ्रेशर सुरू झालं की लाल डोळे दिसू लागतात, आणि जो तो 'डोळे आले' म्हणत मेडिकलमधून थेंब आणतो. मीही एकदा तेच केलं होतं.

सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतात, खुपतं, पण नजर साफ असते, तर ते बहुधा डोळे येणंच. टॉवेल, उशी वेगळी ठेवा. दोन्ही डोळ्यांना नुसती खाज असेल तर अ‍ॅलर्जी.

वावरात कुटार उडालं किंवा पऱ्हाटीची काडी लागली, उजेडात डोळा उघडेना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर ती जखम. तिला बुरशी धरू शकते. घरातले जुने थेंब, विशेषतः स्टेरॉईडचे, अजिबात टाकू नका. दूध, मधही नाही. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

डोळ्यासोबत डोकं ठणकतं, उलटी होते, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात? काचबिंदूचा झटका असू शकतो, सकाळची वाट पाहू नका.

फवारणीचं औषध उडालं तर आधी स्वच्छ पाण्याने 15-20 मिनिटं डोळा धुवा, मग दवाखाना. औषधाची बाटली सोबत न्या.